बंद दारामागचे मत

(कारधा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी शिक्षकाची नोकरी सांभाळून अनेक निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्षाचे काम पाहिले. सकाळी मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींना समोर बसवून यंत्र रिकामे असल्याची खात्री पटवायची, मोहोर लावायची, वेळ संपली की रांगेतल्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटायच्या. यातले एकही काम ते घाईने उरकत नसत, असे त्यांचे सहकारी सांगतात. त्यांच्या स्मृतीला वाहायचे व्याख्यान निवडीच्या विषयावरच असावे, असे मला वाटले. त्यासाठी मी आधार घेतला आहे एका चित्रपटाचा. त्याचे नाव 'कॉन्क्लेव्ह'. कॅथलिक ख्रिस्ती धर्माचा सर्वोच्च गुरू, म्हणजे पोप, कसा निवडला जातो याची ही कथा आहे.

हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यातले कॅथलिक कुटुंब ज्या नागपूर महाधर्मप्रांतात मोडते, त्या धर्मप्रांताची स्थापना १८८७ सालची आणि महाधर्मप्रांताचा दर्जा १९५३ सालचा. तिथे आर्चबिशप कोण असावा हे शेवटी रोममध्ये पोप ठरवतात. जगातल्या सुमारे १४० कोटी कॅथलिकांचा हा प्रमुख मात्र शंभर-सव्वाशे कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे वरिष्ठ धर्मगुरू, बंद दाराआड बसून निवडतात. त्या दारामागे काय होते, याचे कुतूहल कोणालाही वाटेल. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मत देणाराच जिथे उमेदवार असतो, तिथे स्वतःच्या हव्यासापासून आणि भीतीपासून मतदाराला वाचवायचे कसे? हा प्रश्न रोमइतकाच आपल्या ग्रामपंचायतीचा, सेवा सहकारी सोसायटीचा आणि देवस्थानाच्या विश्वस्त मंडळाचाही आहे.

आधी चित्रपटाविषयी. रॉबर्ट हॅरिस यांची कादंबरी २०१६ साली आली. तिच्यावरून पीटर स्ट्रॉहन यांनी पटकथा लिहिली आणि एडवर्ड बर्गर यांनी २०२४ साली चित्रपट केला. रूपांतरित पटकथेचे ऑस्कर त्याला मिळाले, ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत तो सर्वोत्तम चित्रपट ठरला. कथा अशी. पोप वारतात. कार्डिनलांचे डीन, म्हणजे त्यांच्यातले प्रमुख, थॉमस लॉरेन्स यांच्यावर निवडणूक घडवून आणण्याची जबाबदारी येते. ही भूमिका राल्फ फाइन्स यांनी केली आहे. लॉरेन्स स्वतः थकलेले आहेत. प्रार्थनेत मन लागत नाही म्हणून त्यांना पद सोडायचे होते. पोपनी सोडू दिले नाही. रिंगणात चौघे आहेत: उदारमतवादी बेलिनी, जुन्या वळणाचे कडवे टेडेस्को, नायजेरियाचे अडेयेमी आणि कॅनडाचे महत्त्वाकांक्षी ट्राम्ब्ले. ऐन वेळी पाचवा माणूस दारात उभा राहतो. काबूलचे आर्चबिशप बेनिटेझ. दिवंगत पोपनी त्यांना गुपचूप कार्डिनल केलेले असते आणि इतरांना ते नावही ठाऊक नसते.

पुढे एकेक उमेदवार गळत जातो. अडेयेमींची मते वाढत असतानाच तीस वर्षांपूर्वीचे त्यांचे एक प्रकरण उघडे पडते. त्या प्रकरणातली स्त्री नन आहे आणि तीच कार्डिनलांच्या भोजनगृहात वाढायला उभी असते. तिला नायजेरियाहून मुद्दाम रोमला आणवले ते ट्राम्ब्ले यांनी, हे नंतर कळते. त्याच ट्राम्ब्लेंनी मतांसाठी पैसे वाटल्याचे कागद सापडतात. बेलिनींसारखा सज्जन माणूससुद्धा टेडेस्को निवडून येतील या भीतीपोटी ट्राम्ब्लेंकडे कानाडोळा करायला तयार होतो. शेवटी ज्याने एकही मत मागितले नाही, त्या बेनिटेझ यांची निवड होते.

चित्रपटातली कारस्थाने रंगतदार आहेत, तरी माझे लक्ष वेधले ते मतदानाच्या रीतीने. ही रीत चित्रपटाने जवळपास हुबेहूब दाखवली आहे आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. मतपत्रिका म्हणजे एक आयताकृती कागद. वरच्या अर्ध्या भागात लॅटिनमध्ये 'मी सर्वोच्च धर्मगुरू म्हणून निवडतो' अशा अर्थाचे शब्द छापलेले. खालच्या भागात नाव लिहायचे, तेही आपले अक्षर ओळखू येणार नाही अशा पद्धतीने. घडी घालून तो कागद सर्वांना दिसेल असा हात उंचावून धरायचा आणि वेदीपर्यंत चालत जायचे. तिथे प्रत्येकाने मोठ्याने शपथ घ्यायची: जो ख्रिस्त उद्या माझा न्याय करणार आहे त्याला साक्षी ठेवून, देवासमोर जो मला योग्य वाटतो त्यालाच मी मत देतो आहे. त्या प्रार्थनागृहात वेदीमागच्या भिंतीवर मायकेलअँजेलोने रंगवलेला अंतिम न्यायाचा प्रचंड देखावा असतो. मग कागद तबकात ठेवायचा आणि तबक तिरके करून तो पात्रात सोडायचा.

मोजणी करणारे तिघे असतात, आजारी कार्डिनलांची मते त्यांच्या खोलीवर जाऊन आणणारे तिघे आणि मोजणी तपासणारे तिघे. नऊही जण चिठ्ठ्या टाकून ठरवले जातात. घड्या उघडण्यापूर्वी कागद नुसते मोजतात. मतदारांच्या संख्येशी आकडा जुळला नाही, तर एकही नाव न वाचता सगळे कागद जाळायचे आणि लगेच नव्याने मतदान घ्यायचे. आकडा जुळला, तर पहिला मोजणीदार नाव पाहतो, दुसरा पाहतो आणि तिसरा मोठ्याने वाचतो. वाचून झाले की तो छापील 'निवडतो' या शब्दातून सुई आरपार घालून कागद दोऱ्यात ओवतो, म्हणजे कोणताही कागद दुसऱ्यांदा मोजला जाणार नाही. शेवटी दोऱ्याला गाठ मारून सगळे कागद भट्टीत जातात. निवड झाली नसेल तर धूर काळा, झाली असेल तर पांढरा.

ज्यांनी कधी मतदान केंद्रावर काम केले आहे, त्यांना यातली प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटेल. हे कार्डिनल एकमेकांना बंधू म्हणतात, एकत्र प्रार्थना करतात, एकत्र जेवतात. तरीसुद्धा त्यांच्या नियमांनी त्यांच्या भलेपणावर भिस्त ठेवलेली नाही. मोजणारा खोटे वाचेल ही शक्यता धरून त्याच्यामागे दुसरा आणि तिसरा बसवला आहे. कोणी अक्षर ओळखून डूख धरेल ही शक्यता धरून अक्षर बदलायला सांगितले आहे. आपल्याकडे कोणी असा नियम सुचवला की पहिली प्रतिक्रिया येते, 'आमच्यावर विश्वास नाही का?' विश्वास असलेल्या माणसांमध्येच तो टिकवण्यासाठी नियम लागतात, हे उत्तर या सातशे वर्षांच्या परंपरेत मिळते.

ही परंपरा सुरू कशी झाली, तेही सांगतो. १२६८ साली चौथे क्लेमेंट हे पोप इटलीतल्या व्हितेर्बो गावी वारले. कार्डिनल तिथेच निवडीला बसले आणि गटबाजीमुळे जवळजवळ तीन वर्षे निर्णय होईना. गावकऱ्यांचा संयम सुटला. त्यांनी कार्डिनलांना वाड्यात कोंडले, त्यांचे खाणे कमी केले, तरीही काही होईना तेव्हा वाड्याचे छप्पर काढले. १२७१ साली निवड झाली ती त्या वाड्यात नसलेल्या, कार्डिनलही नसलेल्या माणसाची. तो तेव्हा पॅलेस्टाइनमधल्या अक्का शहरात होता. हेच दहावे ग्रेगरी. त्यांनी १२७४ साली लिओंच्या धर्मपरिषदेत नियमच करून टाकला: निवडीसाठी सर्वांनी एकत्र बंदिस्त राहायचे, तीन दिवसांत निवड झाली नाही तर जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवस गेले तर फक्त भाकरी, पाणी आणि द्राक्षरस.

दाराला कुलूप लावले ते गावकऱ्यांनी, हे यातले लक्षात ठेवण्यासारखे. कार्डिनल स्वतःहून आत बसले नव्हते. ज्यांना मताचा अधिकार नव्हता अशा माणसांनी मतदारांना त्यांच्या कर्तव्याची जाणीव करून दिली, आणि धर्मसत्तेने ती रीत पुढे कायद्यात घेतली.

आता नियम कधी करावा, हा प्रश्न. कारध्याच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्या पुलाजवळ वैनगंगेची पातळी मोजली जाते आणि धोक्याची पातळी २४५.५० मीटर ठरलेली आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पाणी त्याच्याही वर चढले, तेव्हा कोणी खूण खाली-वर करायचा वाद घातला नाही, कारण ती पूर येण्याआधी, शांत डोक्याने मारलेली होती. निवडणुकीचे नियमही असेच, पाणी चढण्यापूर्वी ठरवावे लागतात. पोपच्या निवडीचे नियम आधीचे पोप जिवंतपणी करून ठेवतात. कार्डिनल एकदा बंद दाराआड गेले की त्यांना त्यात काडीचाही बदल करता येत नाही.

पोप होण्यासाठी दोन तृतीयांश मते लागतात, हा नियम ११७९ सालचा. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली त्याला एक पळवाट दिली होती: बऱ्याच फेऱ्या निष्फळ गेल्या तर साध्या बहुमताने निवड करता यावी. वरवर पाहता ही सोय शहाणपणाची दिसते. पण विचार करा. ज्या गटाकडे पहिल्याच दिवशी निम्म्याहून एक मत जास्त आहे, त्याने दुसऱ्याचे मन वळवायचे कशाला? तो नुसता वाट पाहत बसेल. सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली ही पळवाट बंद केली. आता कितीही फेऱ्या झाल्या तरी दोन तृतीयांशच लागतात. शेवटी दोघांतच लढत उरली, तर त्या दोघांना मतदानच करता येत नाही. एका गटाच्या बळावर कोणी निवडून येऊ नये, विरोधकांपैकी काहींना तरी त्याने जवळ करावे, हा त्यामागचा हेतू.

बाहेरच्या सत्तेचा हात रोखायलाही या संस्थेला वेळ लागला. १९०३ साली ऑस्ट्रियाच्या सम्राटाने क्राकोव्हचे कार्डिनल पुझिना यांच्यामार्फत कार्डिनल राम्पोल्ला यांच्या नावाला नकार कळवला होता. त्या निवडणुकीत निवडून आलेल्या दहाव्या पायस यांनीच पुढच्या वर्षी हा राजांचा अधिकार कायमचा मोडून काढला.

या बंद दाराआड आपलीही माणसे गेली आहेत. भारताचे पहिले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे आर्चबिशप. गोव्याच्या कुटुंबातले, जन्म कराचीचा, १९५३ साली कार्डिनल झाले. १९५८ आणि १९६३ च्या निवडणुकांत त्यांनी मतदान केले. ऑगस्ट १९७८ मध्ये पुन्हा वेळ आली तेव्हा ते आजारपणामुळे रोमला जाऊ शकले नाहीत आणि सप्टेंबरमध्ये वारले. त्यांच्यानंतर मुंबईला आर्चबिशप झालेले सायमन पिमेंटा हे मुंबईतल्या मरोळ गावठाणचे, ईस्ट इंडियन समाजातले, मराठी मातीतले. १९८८ साली ते कार्डिनल झाले. ऐंशी वर्षे पूर्ण झालेल्या कार्डिनलाला मत देता येत नाही, हा नियम सहावे पॉल यांनी १९७० साली केलेला. पिमेंटा २००० साली ऐंशीचे झाले आणि दुसरे जॉन पॉल वारले ते २००५ साली. म्हणजे मराठी मुलखातल्या या कार्डिनलाला जवळपास बारा वर्षे मताचा अधिकार होता, पण तो वापरण्याचा प्रसंग आलाच नाही. मुंबईचे आयव्हन डायस यांना मात्र २००५ आणि २०१३, दोन्ही वेळा मत देता आले.

डायस यांच्यानंतर मुंबईचे आर्चबिशप झालेले ओसवाल्ड ग्रेशियस २०१३ च्या निवडणुकीत होते आणि पुढे पोप फ्रान्सिस यांच्या निवडक सल्लागार कार्डिनलांत बसले. २४ डिसेंबर २०२४ रोजी ते ऐंशीचे झाले. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी गेले. चार महिन्यांनी ग्रेशियस यांचे मत हुकले. त्या वेळी मतदारांत भारताचे चौघे होते. त्यांत गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव होते, बार्देशातल्या हळदोण्याचे सुपुत्र. १३३ कार्डिनल आत गेले, ८९ मते लागणार होती. ७ मे रोजी संध्याकाळी पहिली फेरी झाली आणि ८ मे रोजी संध्याकाळी पांढरा धूर दिसला. अमेरिकेत जन्मलेले आणि अनेक वर्षे पेरूमध्ये गोरगरिबांत काम केलेले रॉबर्ट प्रीव्होस्ट हे चौदावे लिओ झाले. चित्रपट येऊन वर्षही झाले नव्हते, आणि जगभरच्या लोकांनी तो पुन्हा पाहिला, कारण बंद दारामागचे चित्र त्यांना दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार नव्हते.

हा वयाचा नियम कठोर आहे, आणि तो मला पटतो. माणूस कितीही थोर असो, एका ठरलेल्या दिवशी त्याचा अधिकार संपतो आणि त्यासाठी कोणाला त्याचा अपमान करावा लागत नाही. आपल्या किती शिक्षणसंस्थांत, किती सहकारी बँकांत असा दिवस ठरलेला आहे?

आता चित्रपटाच्या गाभ्याकडे येतो. निवडणूक सुरू होण्यापूर्वी लॉरेन्स प्रवचन देतात. हातातला लिहिलेला मजकूर बाजूला ठेवून ते मनातले बोलू लागतात. आपल्याला सर्वांत भय वाटते ते खात्रीचे, असे ते सांगतात. खात्री माणसांना एकत्र नांदू देत नाही. संशय शिल्लक असेल तरच श्रद्धेला अर्थ उरतो. म्हणून संशय घेणारा, चुकल्यावर क्षमा मागणारा पोप देवाने आपल्याला द्यावा, अशी ते प्रार्थना करतात. संपूर्ण चित्रपट या प्रवचनाची कसोटी आहे. ज्याला ज्याला स्वतःविषयी खात्री आहे, तो पडतो. टेडेस्कोंना खात्री आहे की धर्म वाचवायचा तर युद्धच हवे. अडेयेमींना खात्री आहे की जुने पाप कोणाला कळणार नाही. ट्राम्ब्लेंना खात्री आहे की पैसे दिले की माणसे गप्प बसतात.

खुद्द लॉरेन्सही सुटत नाहीत. त्यांची मते हळूहळू वाढत जातात आणि एका फेरीत ते कागदावर स्वतःचेच नाव लिहितात. तो कागद पात्रात पडतो त्याच क्षणी बाहेर स्फोट होतो, वरच्या खिडकीच्या काचा फुटतात. दिग्दर्शकाने योजलेला हा योगायोग मला ढोबळ वाटला. चित्रपटात हे एकच ठिकाण असे आहे जिथे माणसाचा न्याय माणसाच्या हातून न होता पटकथेच्या हातून होतो. पण त्या क्षणाआधीचा फाइन्स यांचा चेहरा विसरता येत नाही. ज्याला पद नको होते, त्याच्याही मनात पद शिरते. 'मला पद नको' म्हणणाऱ्या माणसावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो, तो का ठेवू नये, हे या एका दृश्यात कळते.

आणखी एक गोष्ट लॉरेन्स करतात. दिवंगत पोपच्या खोलीला लावलेली मोहोर ते तोडतात आणि पलंगात दडवलेले ट्राम्ब्लेंविषयीचे कागद शोधून काढतात. नियमाचा रखवालदारच नियम मोडतो. चित्रपटाचा कल त्यांच्या बाजूने आहे. मी थोडा वेगळा निवाडा करीन. कागद बाहेर येणे आवश्यकच होते. पण मतदानाच्या मध्यावर, एका माणसाच्या धाडसाने ते बाहेर यावे लागले, याचा अर्थ आधीची छाननी फसली होती. मत गुप्त असावे. उमेदवाराचा पूर्वेतिहास गुप्त नसावा. पोपच्या निवडीत पहिल्या गोष्टीची पराकाष्ठेची काळजी घेतली आहे, दुसरीची तितकी घेतलेली दिसत नाही. आपल्याकडे कायद्याने उमेदवाराला मालमत्ता आणि गुन्ह्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ते वाचणारे मतदार किती, हा मात्र आपला प्रश्न.

मग येते सिस्टर ॲग्नेस. ही भूमिका इसाबेला रोसेलिनी यांनी केली आहे. कार्डिनलांच्या जेवणाखाण्याची, राहण्याची व्यवस्था पाहणाऱ्या नन्सची ती प्रमुख. तिला मत नाही. बहुतेक वेळ ती गप्प असते. पण नायजेरियाच्या त्या ननला आणवण्याबाबत ट्राम्ब्ले सर्वांदेखत हात झटकू लागतात तेव्हा ती भोजनगृहात पुढे येते, दोन-तीन वाक्यांत खरे काय ते सांगते, किंचित गुडघा वाकवून नमस्कार करते आणि निघून जाते. सभागृहात शंभराहून अधिक मतदार बसलेले असतात. सत्य सांगते ती मत नसलेली बाई. व्हितेर्बोच्या गावकऱ्यांचेच हे आजचे रूप. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. कॅथलिक धर्मसत्तेने स्त्रीला या मतदानापासून दूर ठेवले आहे, याची चिकित्सा जरूर करावी. ती करताना आपल्या गावातल्या सरपंच बाईंच्या खुर्चीवर प्रत्यक्षात कोण बसतो, हेही त्याच धैर्याने विचारावे.

शेवटी निवडून येतात ते बेनिटेझ. स्फोटानंतर टेडेस्को सूडाची भाषा बोलतात, तेव्हा प्रत्यक्ष युद्धभूमीत राहून आलेला हा माणूस त्यांना विचारतो की युद्धाविषयी तुम्हाला काय ठाऊक आहे. त्यानंतर पुन्हा कागद ओवले जातात. प्रत्यक्षातल्या नियमांनुसार, नाव जाहीर न झालेल्या अशा कार्डिनलाला मतदानाला बसताच आले नसते. कादंबरीकाराने घेतलेली ही मोकळीक आहे. निवडीनंतर बेनिटेझ यांच्या शरीराविषयीचे एक सत्य लॉरेन्सना कळते. जन्मतः त्यांच्या देहात स्त्री आणि पुरुष दोन्हींच्या खुणा आहेत. काही प्रेक्षकांना हे मुद्दाम दिलेले धक्कातंत्र वाटले. मला तो प्रवचनाचाच उत्तरार्ध वाटतो. संशयाची थोरवी सांगणाऱ्या लॉरेन्सपुढे आता खरीखुरी अनिश्चितता उभी आहे, आणि तिच्यासह जगायला ते तयार होतात.

मित्रहो, मतदान, गुप्तता आणि धर्मसंघ या तिन्हींचा इतिहास रोममध्ये सुरू होत नाही. याच वैनगंगेच्या काठाने खाली गेले की पवनी लागते. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. ज्या भिक्खू-भिक्खुणींची वस्ती तिथे होती, त्यांच्या विनयपिटकात मतदानाचे नियम आहेत. वाद मिटला नाही तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून बहुमत घ्यावे. ते तीन प्रकारे घेता येते: गुप्तपणे, कानात सांगून, किंवा उघडपणे. काड्या गोळा करणारा भिक्खू संघाने निवडायचा, आणि त्याच्या अंगी पाच गोष्टी हव्यात: तो लोभाने, द्वेषाने, मोहाने वा भयाने वाहवत जाणारा नसावा, आणि कोणती काडी घेतली गेली, कोणती नाही, हे त्याला नीट कळत असावे. मतमोजणी अधिकाऱ्याची याहून चांगली व्याख्या मला कुठे सापडलेली नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत हेच सांगितले. भिक्खू संघांना ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे ठाऊक होते, म्हणजे लोकशाही या देशाला परकी नाही, आपण ती गमावली होती. त्याच भाषणात त्यांनी बजावले की राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते. लॉरेन्सच्या प्रवचनाच्या पंचाहत्तर वर्षे आधी, आंधळ्या खात्रीविरुद्धचा हा इशारा आपल्याला आपल्याच घटनाकाराने दिला होता.

आणि याच भंडारा मतदारसंघातून १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे राहिले आणि हरले. मतदारसंघ दोन जागांचा होता. प्रत्येकाला दोन मते होती. दुसरे मत कुजवा, म्हणजे आपली जागा सोपी होईल, असा सल्ला काही कार्यकर्त्यांनी दिला होता आणि बाबासाहेबांनी तो मानला नाही, अशी आठवण आजही सांगितली जाते. ज्याने मताचा अधिकार मिळवून दिला, तो मत वाया घालवायला सांगू शकत नव्हता. निवडणूक हरणे हे त्यांच्या लेखी नियम वाकवण्यापेक्षा कमी नुकसानीचे होते. त्या पराभवाचे ओझे या जिल्ह्यावर आहे, आणि त्यातून मिळालेला धडाही याच जिल्ह्याचा आहे.

निवड मतदानानेच व्हावी असा माझा हट्ट नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद पूर्वी निवडणुकीने ठरे, आणि त्यातल्या खटपटींना कंटाळून चांगले लेखक उभेच राहत नसत. २०१८ साली साहित्य महामंडळाने आपली घटना बदलली आणि सन्मानाने निवड करण्याची पद्धत आणली. त्या पद्धतीने आधी अरुणा ढेरे आणि मग २०२० च्या उस्मानाबाद संमेलनासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले. वसईचा एक कॅथलिक धर्मगुरू, 'सुबोध बायबल'चा लेखक, हरित वसईच्या लढ्यातला कार्यकर्ता मराठी साहित्याच्या सर्वोच्च पीठावर बसला. त्यांच्या धर्मामुळे काहींनी विरोध केला. महामंडळ डगमगले नाही. एकमतही चांगले असू शकते, फक्त त्यामागे विचारविनिमय हवा.

आपल्याकडच्या 'बिनविरोध' निवडींत तो असतो का? जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या, कारण तिथे पदांचा लिलाव झाला होता. ट्राम्ब्लेंनी जे लपूनछपून केले, ते तिथे चारचौघांत बोली लावून झाले. पैसा गावाच्या कामाला जाणार होता, असे समर्थन केले गेले. पद विकत मिळाले की गरिबाची उमेदवारी संपली. पैसा कुठे जातो यावर ते पाप कमी-जास्त होत नाही.

म्हणून गुरुजींच्या या व्यासपीठावरून माझी तुम्हाला विनंती आहे. तुमच्या सोसायटीचे, मंडळाचे, देवस्थानाचे निवडीचे नियम निवडणूक जाहीर होण्याआधी लिहून काढा आणि सभेत वाचून दाखवा. पदाची मुदत आणि वयाची मर्यादा ठरवा. मत गुप्त ठेवा आणि उमेदवाराचा हिशेब उघडा ठेवा. मोजणीला एकाऐवजी तिघांना बसवा, आणि ते तिघे चिठ्ठ्या टाकून ठरवा. ज्यांना त्या संस्थेत मत नाही, अशा स्वयंपाकिणीला, शिपायाला, सभासदाच्या बायकोला मतदानापूर्वी एकदा विचारा की या माणसाविषयी तुम्हाला काय ठाऊक आहे. आणि मतपेटीसमोर उभे राहाल तेव्हा आपल्या खात्रीला एक प्रश्न विचारा: हा माणूस मला योग्य वाटतो, की सोयीचा वाटतो? याचे प्रामाणिक उत्तर आधी स्वतःला द्या, आणि मग मत द्या.